सागवानी टाच

अमरावतीच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं खेळ शिकवून साधना गावंडे निवृत्त झाली, आणि त्याच आठवड्यात अकोल्याला अय्युबचाचांकडे गेली.

अकोल्यात वजन उचलायला लागली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. लहानपणी शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या झाडावरून पडून तिचा उजवा घोटा मोडला होता. हाड जुळलं, पण घोटा पुरता वाकेना. खांद्यावर बार घेऊन बैठक मारली की टाच उचलली जायची, धड पुढं झुकायचं आणि सगळा भार कमरेवर यायचा. दुसरा खेळ बघ, असं वजन उचलायला शिकवणाऱ्या सरांनी सांगून टाकलं, त्याच संध्याकाळी ती उसवलेला बूट शिवायला अय्युबचाचांच्या चपला-बुटांच्या दुकानात गेली.

"काहून रडून राहिली, बेटा?"

तिनं सांगितलं. चाचांनी तिला तिथंच बैठक मारायला लावली, नीट पाहिलं, मग दोन्ही टाचांखाली बुटाच्या तळाला लावायच्या जाड चामड्याचे तुकडे सरकवले. "आता बस."

ती बसली. गुडघे पुढं गेले, मांड्या थरथरल्या, पण पाठ ताठ राहिली.

"घोटा वाकत नाही तं जमीनच वर आनू," चाचा म्हणाले.

दोन दिवसांत बुटांना इंचभर सागवानी टाच बसली. पहिला आठवडा गुडघे दुखले, कारण कमरेवरचा भार आता मांड्या-गुडघ्यांवर आला होता. चाचांनी रंधा मारून टाच थोडी उतरवली. चाचांच्या बायको हाजराबी तिच्यापुढं रोज दोन उकडलेली अंडी ठेवायच्या आणि संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. त्या वर्षी स्पर्धेत साधना तिसरी आली.

आता त्या दुकानात चाचांचा मुलगा इमरान मोबाईल विकत होता. चाचा मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, नजर मंदावलेली. हाजराबींना जाऊन चार वर्षं झाली होती.

"आजकाल उंच टाचेचे बूट तयारच भेटतात, चाचा," साधना म्हणाली.

"पोरींच्या पायाचं माप कोन घेते?"

"कोनीच नाही. नुसता नंबर सांगायचा."

चाचांना ते पटलं नाही. मग हाजराबींचा विषय निघाला. इमराननं दोनदा चहा दिला. अमरावतीची चारची बस गेली, पाचचीही गेली.