युसूफभाईंनी सांगितलेली प्रतिक्रिया

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला बँकेत, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभा होतो. त्यांचा पुतण्या एवढंच म्हणाला की चाचा गॅरेजात बाकावर बसले, छातीत दुखतंय म्हणाले आणि रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. रांग सोडून मी स्कूटरने नशिराबाद गाठलं. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. महामार्गावरचे कितीतरी ट्रकवाले गाड्या कडेला लावून आले होते आणि जो तो त्यांच्या कानाबद्दल बोलत होता... असा कान पुन्हा होणे नाही म्हणून. मी खाली मान घालून ऐकत होतो. शेवटच्या चार महिन्यांत त्या माणसाचा स्वतःच्या कानावर विश्वास उरला नव्हता, आणि तो मी घालवला होता. दोन महिने झाले, एका माणसाखेरीज हे कोणाला सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो.

युसूफभाई मूळचे दोंडाईचाचे. माझं आजोळही तिथलंच, त्यामुळे तीस वर्षांत ते माझ्याशी अहिराणी सोडून बोलले नाहीत. मी असोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, ते नशिराबादला डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. माझी जुनी मोटरसायकल त्यांच्याकडे नेली तेव्हापासूनची ओळख. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. मग हळूच सांगायचे, बेअरिंग जातंय, नाहीतर टॅपेट ढिले आहेत. इंजिन उघडलं की तेच निघायचं. मी त्यांना ध्वनी घन पदार्थातून कसा प्रवास करतो ते समजावायचो. ते बिचारे ऐकून घ्यायचे. मला मास्तरकी करायला कोणीतरी लागतंच.

गेल्या वर्षी माझ्या जावयाने मला परदेशातल्या मोटारींच्या शर्यतींची एक मालिका दाखवली. शर्यत त्यात थोडीच. बाकी सगळं पडद्यामागचं : संघमालकांची भांडणं, चालकांची रडारड, दोन सेकंदांत चाकं बदलणारे मिस्तरी. मला वाटलं, हे युसूफभाईंनी पाहायलाच हवं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर गॅरेज चारपर्यंत बंद असायचं, तेव्हा गॅरेजमागच्या त्यांच्या खोलीत आम्ही टीव्हीसमोर बसायचो. खालची इंग्रजी ओळ वाचून मी अर्थ सांगायचो. भाग संपला की त्यांचा प्रश्न ठरलेला, “लोके काय म्हणतस?” मग मी फोनवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायचो. कोणी लिहायचं, जन्मात शर्यत पाहिली नव्हती, आता रविवार चुकवत नाही. कोणी म्हणायचं, भांडणं सगळी बनावट आहेत. एका बाईने लिहिलं होतं की नवऱ्याबरोबर बोलायला वीस वर्षांनी विषय मिळाला. युसूफभाई प्रत्येकावर मान डोलवायचे. जगभरची माणसं आपल्यासारखीच बसून हे बघतायत, याचं त्यांना फार अप्रूप होतं. मला वाटतं, त्यांना मालिकेपेक्षा त्या प्रतिक्रियाच जास्त आवडायच्या.

एका शुक्रवारी त्यांनी मधेच भाग थांबवायला लावला. एक गाडी वळणावरून बाहेर येत होती. “मास्तर, हाऊ आवाज या गाडीना नही शे. दुसरी गाडीना आवाज शे.” मी हसलो. म्हटलं, एवढी मोठी कंपनी, एवढा खर्च, ते आवाज चुकवतील होय? त्यांनी तो तुकडा तीनदा ऐकला, डोळे मिटून. मग म्हणाले, हे तुमच्या फोनवर लिहा, माझ्या नावाने, बघू लोक काय म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जगाला काही सांगायचं होतं.

मी लिहिलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. शिकल्यासवरल्या माणसांत नशिराबादचा मिस्तरी काहीतरी चुकीचं बोलणार आणि त्याशेजारी माझं नाव नि फोटो. पुढच्या शुक्रवारी त्यांनी दारातच विचारलं. आमची थट्टा नेहमीचीच, त्या सवयीने मी बोलून गेलो, “लिहिलं ना. लोक हसले. म्हणाले, मिस्तरींचे कान तपासून घ्या.”

तेही हसले. चहा मागवला. थोड्या वेळाने विचारलं, किती जण म्हणाले. मी म्हटलं, पुष्कळ.

त्यानंतर ते एक इंजिन दोनदा ऐकू लागले, मग पुतण्याला ऐकायला सांगू लागले. एकदा एका जुन्या गिऱ्हाईकाला त्यांनी माझ्यासमोर सांगितलं की भुसावळला दाखव, माझं आता खरं नाही. मला न सांगता धुळ्याला जाऊन कान तपासून आले. डॉक्टरांनी वयाच्या मानाने उत्तम म्हटलं, तर यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतोय. “मना कान ग्यात, मास्तर,” असं ते मला शांतपणे म्हणाले, तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग खोटं का बोललात, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी पुढच्या शुक्रवारी सांगू म्हटलं. असे किती शुक्रवार गेले! थट्टेने माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण ते स्वतःला निकामी समजून मेले, आणि ते मला कळत होतं.

ते गेल्यावर महिन्याने मी त्या भागाखालच्या सगळ्या प्रतिक्रिया पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या. खाली, बरंच खाली, जुने शौकीन संतापून लिहीत होते की या दृश्यात भलत्याच गाडीचा आवाज जोडला आहे. एक नाही, कितीतरी जण. त्या प्रतिक्रिया लिहिल्या गेल्या तेव्हा युसूफभाई हयात होते.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी युसूफभाईंच्या बायकोकडे, रझियाभाभींकडे गेलो. त्याच खोलीत बसलो. टीव्ही चालू होता, पण मुका. मी आवाज वाढवू का विचारलं, तर म्हणाल्या, राहू द्या, हे शेवटी शेवटी एकटे असले की असंच बघायचे, तशीच सवय पडली. मग मी सगळं सांगितलं. त्या रागावतील, उठून जा म्हणतील, अशी तयारी करून गेलो होतो. त्या पदराचं टोक दुमडत बसल्या. “भाऊ, हाई त्यास्ले सांगाले जोयजे व्हतं,” एवढंच म्हणाल्या. खरंच, सांगायला हवं होतं ते त्यांनाच.

तिथेच बसून मी फोनवर, त्या भागाखाली त्यांची प्रतिक्रिया लिहिली. नशिराबादचे मिस्तरी युसूफभाई म्हणतात, हा आवाज या गाडीचा नाही. चहा संपायच्या आत कुठल्यातरी परक्या देशातल्या माणसाचं उत्तर आलं. मी ते भाभींना मराठीत वाचून दाखवलं : अगदी बरोबर. मिस्तरींचा कान फार तयार आहे. त्यांना विचारा, पुढच्या भागात काय ऐकू आलं?

भाभी मुक्या टीव्हीकडे बघत राहिल्या. त्या माणसाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.