अकरा घरांचं माप

“नळी खोटं बोलत न्हाय, खोटं बोलतो तो दारू भरणारा,” असं राजपाल सरवदे एकदा चारचौघांत म्हणाला, आणि त्या दिवसापासून चिंचखोरीच्या अकरा मानकरी घरांनी त्याच्याकडं सरळ बघणं सोडून दिलं. आधी तरी कधी सरळ बघितलं होतं, हा प्रश्नच आहे.

राजपालनं एकतीस वर्षं सरकारी बंदूक कारखान्यात काढली, तीही नळ्यांच्या विभागात. पोकळ पोलादाच्या पोटात पीळ पाडायचं काम. केसाच्या जाडीएवढी चूक झाली तर नळी भंगारात. निवृत्त झाल्यावर तो परांडा तालुक्यातल्या या आपल्या गावी परतला, विहाराच्या मागं दोन खोल्या बांधल्या आणि लोकांचे पंप दुरुस्त करू लागला. गावानं त्याला ‘सरकारी लोहार’ असं नाव ठेवलं. त्यानं गावाला काहीच नाव ठेवलं नाही. तेवढे कष्ट घ्यावेत इतकी गावाची लायकी त्याला वाटत नव्हती.

गावात एक ठासणीची रायफल होती. मानकऱ्यांतल्या कृष्णराजच्या आजोबांना ती निजामाच्या एका अंमलदाराकडून मिळालेली. रझाकारांच्या दिवसांत कडब्याच्या गंजीत लपवलेली. आता पीक राखण्याच्या परवान्यावर नोंदलेली. तिनं राखलेलं पीक कुणी पाहिलं नव्हतं. रानडुकरं तिच्या समोरून आरामात भुईमूग उकरून जात. तिचं खरं काम वर्षातून एकदाच, दसऱ्याला. शिवेवरच्या बाभळीला नारळ टांगायचा, मागं मातीचा उंच बांध, आणि साठ पावलांवरून एका गोळीत नारळ फोडायचा. नारळ फुटला की मग सोनं लुटायचं.

गोळी एक, पण दारू पाच मानकरी घरांची. प्रत्येक घरानं एक चिमूट नळीत टाकायची, अशी रीत. पुढं वाटण्या झाल्या. शेतं वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, देव्हाऱ्यातले टाक वाटले, तसा मानही वाटला. पण वाटल्यावर शेत लहान होतं. मान लहान झालेला कुणाला चालत नाही. प्रत्येक भावाला पुरा मान हवा. पाच घरांची अकरा झाली. चिमूट दिसायला हलकी वाटते म्हणून चिमटीचं पितळी टोपण झालं. चाप ओढायचा मान मात्र कुणालाच नको होता. तो कृष्णराजच्या सालगड्याला, बलभीमला दिलेला होता. मानकरी मागं उभे राहून त्याच्या पाठीला हात लावत. हात लावला की बार आपला झाला.

नऊ वर्षं नारळ फुटला नव्हता. बार व्हायचा, धूर व्हायचा, कावळे उडायचे, नारळ हलायचाही नाही. शेवटी कुणीतरी जाऊन तो दगडावर आपटून यायचं आणि लोक सोनं लुटायचे. दहाव्या वर्षी, दसऱ्याला महिना राहिला तेव्हा कृष्णराजनं राजपालला बोलावणं धाडलं.

“तुमी कशाला जाताव?” जाईबाई म्हणाली. ती राजपालची बायको. एकतीस वर्षं कारखान्याच्या चाळीत राहूनही तिची बोली गावचीच राहिली होती. “त्यास्नी हत्यार दाखवायचंय तुमाला. पाटावर बसवायला न्हाय बोलावलं.”

“हत्यारच बघाया चाललोय.”

ओसरीवर त्याला कागदी कपात चहा आला. कृष्णराज आणि त्याचा थोरला चुलतभाऊ उत्तरेश्वर यांना चिनी मातीच्या कपांत. विचारलं असतं तर स्वच्छतेसाठी, असं उत्तर मिळालं असतं. राजपालनं विचारलं नाही. कृष्णराज म्हणाला, “सरवदेसाहेब, नळी जुनी झालीय. आतले आटे झिजलेत. बार्शीला एक लेथवाला हाय, तो आतनं खरडून गुळगुळीत करून देतो म्हणतोय. तुमी बघून हो म्हना, म्हंजे झालं.”

राजपालनं नळी उजेडाकडं धरून आत पाहिलं, आणि त्याचा चहा निवून गेला. आत सात खाचा होत्या, हातानं कापलेल्या. झिजल्या कुठं होत्या? नुसतं शिसं आणि काजळी बसली होती. ती त्यानं तिथंच, कृष्णराजच्या डोळ्यांदेखत, घासून, गरम पाण्यानं धुऊन काढली. खाचांच्या कडा अजून बोटाच्या नखाला अडकतील अशा होत्या. असं काम त्यानं कारखान्यातही पाहिलं नव्हतं. तिथं ते यंत्र करायचं. कुणीतरी माणूस महिनोन् महिने या नळीवर वाकून बसला असेल. आणि आता ती बार्शीचा लेथवाला एका दुपारी खरडून टाकणार होता, अकरा घरांना मोजता येत नाही म्हणून.

त्यानं गजाच्या टोकाला चिंधी घट्ट गुंडाळली, गजावर खडूनं खूण केली आणि गज हळूहळू आत ढकलला. खाचांबरोबर गज फिरत गेला. तळाला जाईपर्यंत खडूची खूण पुरा एक फेरा घेऊन वर बोटभर पुढं सरकली होती.

“ही नळी लांबट गोळीसाठी कापलेली हाय,” राजपाल म्हणाला. “लांबट गोळीला लई फिरावं लागतं, न्हाईतर ती उलटते. तुमी घालताव गोल गोळी. गोल गोळीला एवढं फिरावं लागत न्हाय, निम्म्यातच भागतं. तरी ती या नळीतनं नीट जाईल. दारू कमी घाला.”

“कमी?” उत्तरेश्वर हसला. “दारू कमी घातल्यावर गोळी लांब जाती व्हय? कारखान्यात काय शिकलाव, ओ?”

राजपालनं त्याच्याकडं पाहिलं, मग बाहेर, अंगणाच्या मातीत उमटलेल्या गाडीच्या चाकोऱ्यांकडं. “आण्णा, चाकोरी वळणाची हाय. गाडी दमानं न्या, चाकं चाकोरीतनं वळतात. बैलांना चाबूक मारून पळवा, गाडी चाकोरीतनं उडती आन् बांधावर जाती. शिसं मऊ असतं. दारूचा धक्का जादा झाला की गोळी खाचा सोडून उड्या मारत सुटती, चिंधी फाटती, फिरायचं राहूनच जातं. अकरा टोपणात कुणाचीबी गोळी चुकंल. तुमच्या आजोबांच्या टायमाला पाच चिमट्या पडायच्या, म्हनून नारळ फुटायचा. नळी खोटं बोलत न्हाय. खोटं बोलतो तो दारू भरणारा.”

मग कृष्णराज म्हणाला, “बरं. सिद्ध करून दावा. दसऱ्याला नारळ फुटला तर नळीला हात लावायचा न्हाय. न्हाय फुटला तर सोमवारी बार्शीला.”

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठाला, कृष्णराज सोबत असताना, राजपाल आणि बलभीम यांनी बार काढले. राजपालनं दोनच टोपणं दारू घातली, खोबरेल लावलेल्या जाड चिंधीत गोळी बसवली, प्रत्येक बारानंतर नळी पुसली. साठ पावलांवर तेलाच्या डब्याचं झाकण. बलभीमच्या पाचांपैकी चार गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसल्या.

बलभीमनं झाकणाच्या भोकांतून बोट घातलं. नऊ दसरे त्यानं सगळ्या गावाचं हसू गालावर घेतलं होतं. बार पेटवणाऱ्या टोपीच्या ठिणग्यांचे डागही तिथंच होते. “काका,” तो म्हणाला, “म्हंजे म्या आंधळा न्हाय तर.”

कृष्णराजनं झाकण हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग बोलला ते हे, “पर दोनच टोपणं म्हंजे दोनच घरं. बाकीची नऊ घरं काय टाळ्या वाजवतील?”

या प्रश्नावर राजपालनं घरी जायला हवं होतं. जाईबाईनं तेच सांगितलं. पण माणूस ज्या गोष्टीत हुशार असतो त्याच गोष्टीत मूर्ख बनतो. त्याला वाटलं, हा मापाचा प्रश्न आहे. त्यानं चार दिवस बसून पितळेची अकरा इवली मापं घडवली, अंगठीच्या खड्याएवढी, सगळी अगदी सारखी. अकरा मापं मिळून बरोबर दोन टोपणं. घर कुणाचंच वगळायचं नाही, गोळीही चुकायची नाही. चहाच्या कागदी कपाबद्दल ज्यानं चकार शब्द काढला नाही, तो मापाच्या कडा घासताना शीळ वाजवत होता.

दसऱ्याला शिवेवर कापडी मांडव पडला होता. शेंदूर, हलगी, नवे सदरे. राजपालला मांडवात बोलावलं, हे नवलच. त्यानं चौरंगावर अकरा मापं ओळीनं मांडली. कृष्णराजनं पहिलं उचललं, नळीत ओतलं. दुसरं, तिसरंही गेलं. राजपाल मनात मोजत होता.

चौथा उत्तरेश्वर. त्यानं माप दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. “हे काय? नाकात घालायची तपकीर का?” लोक हसले. “थोरलं घर आमचं. आमचा मान एवढासा कुणी केला?” त्यानं माप परत ओळीत ठेवलं, खिशातून जुनं पितळी टोपण काढलं, शिगेला भरलं आणि ओतलं.

पाचव्याकडंही टोपण होतं. सहाव्याकडंही. सगळे घरून घेऊनच आले होते. म्हणजे ठरलं आधीच होतं. मापांवर नुसतं हसायचं राहिलं होतं. सातवा म्हणाला, थोरल्यानं एक टाकलं तर आम्ही धाकल्यांनी काय पाप केलंय, आणि त्यानं दोन टाकली. उरलेल्या चौघांनीही आपापली टोपणं रिकामी केली.

“बलभीम, मारू नगो,” राजपाल पुढं झाला. “नळी उलटी कर. दारू वत.”

बलभीमनं राजपालकडं पाहिलं, मग कृष्णराजकडं. त्याच्या वर्षाच्या मजुरीची बोली कृष्णराजकडं होती, राजपालकडं नव्हती. त्यानं चिंधीतली गोळी ठासली आणि खांद्याला दस्ता लावला. मागून अकरा हात त्याच्या पाठीला भिडले. हात लांब होते आणि तोंडं त्याहून लांब फिरवलेली.

बार झाला. बलभीम दोन पावलं मागं ढकलला गेला. धूर विरला तेव्हा नारळ होता तसा लोंबत होता, शेंदूर लावलेला, कुणाशीच देणंघेणं नसलेला. गोळी बांधाला तरी लागली की नाही, कुणी बघायला गेलं नाही.

राजपाल मात्र गेला. वीस पावलांवर चिंधी पडली होती. नीट सुटलेल्या बाराची चिंधी वाटोळी उमलून पडते, चारी कडा शाबूत. ही मधून फाटलेली होती, अर्धी जळून गेलेली. ती घेऊन तो मांडवात परत आला आणि खाली बसलेल्या कृष्णराजच्या पुढ्यात धरली.

“हे बघा. गोळी खाचा सोडून गेली. चिंधीच सांगती.”

“चिंधी काय सांगती ते ऱ्हाऊ द्या,” उत्तरेश्वर मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पिढ्यान् पिढ्या या नळीला घरचा हात होता. औंदा बाहेरचा हात लागला, तिला धुतली काय, पुसली काय. मग दुसरं काय व्हायचं?”

कुणी हसलं नाही. हसण्याची गरज नव्हती. सगळ्यांना पटलंच होतं. नऊ वर्षं बाहेरचा हात लागला नव्हता तेव्हा नारळ कुणामुळं फुटला नव्हता, हे मोजायला कुणाची बोटं वर आली नाहीत. बलभीम गालावरची काजळी पुसत खाली बघत होता.

कृष्णराज मात्र उदार माणूस. त्यानं आवाज मऊ केला. “जाऊ द्या, सरवदेसाहेब. तुमी कारागीर मानूस. सोमवारी बार्शीला तुमीच चला सोबत. तो लेथवाला कच्चा हाय. तुमच्या हातानं आटे साफ काढून द्या. तुमचाबी मान ऱ्हाईल.”

राजपालनं चौरंगाकडं पाहिलं. न वापरलेली आठ मापं अजून ओळीत होती. त्यानं एकेक उचलून खिशात टाकली. मग जळकी चिंधी कृष्णराजच्या मांडीवर आलेल्या नव्या उपरण्यावर नीट पसरून ठेवली, चपला घातल्या, आणि सोन्याची पानं घेऊन पुढं आलेल्या हातांच्या मधून मांडवाबाहेर चालत गेला.