गालिच्यांची खोली

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक तसा मितभाषी माणूस. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, "वरची ओळ वाचा", "आता बरं दिसतंय की मघाशी?" एवढं विचारायचं, संपलं. पण कुणी सहज म्हणून काउंटरमागे टांगलेल्या विणलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं, की त्या गिऱ्हाइकाची बस चुकलीच म्हणून समजावं. चष्मेवाले भिंग त्याच्या हातात द्यायचे आणि इराणच्या डोंगरांत मेंढ्यांमागे फिरणाऱ्या टोळ्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. कारखान्यात नक्षीचा कागद समोर ठेवून विणलेले गालिचे त्यांना मुळीच आवडत नसत. त्या टोळ्यांतल्या बायकांनी जमिनीवर आडवा माग मांडून, मनातल्या मनात नक्षी जुळवत विणलेलं त्यांना हवं असे. घोड्याच्या पाठीवर टाकायची जोडपिशवी, तंबूचा पट्टा, अरुंद गळ्याची मिठाची पिशवी. गळा अरुंद का, तर मेंढीला तोंड घालता येऊ नये म्हणून. निळ्या पट्टीत मध्येच जरा निराळा निळा लागला, की त्यावर नख ठेवून ते म्हणायचे, "इथं मुक्काम हलला बघा. लोकर संपली, पुढच्या मुक्कामावर पुन्हा रंगवली." हे सांगताना चेहरा असा, जणू तंबू उपटायला हे स्वतः हजर होते.

छंद लागला तो जुन्या बाजारात. एका विक्रेत्यानं स्क्रू आणि पान्हे मांडायला खाली एक मळकी जोडपिशवी अंथरली होती. चष्मेवाल्यांनी वाकून पाहिलं, मग खिशातलं भिंग लावून पाहिलं. पान्हा आणायला गेलेला माणूस पान्हा विसरून पिशवी घेऊन घरी आला. बायकोनं ती चिमटीत धरून गॅलरीत झटकली, तर आतून वाळकं गवत पडलं. "घोडा खाली बांधलाय का?" तिनं विचारलं. दोघं बराच वेळ हसत होते.

बायको तलावावर पोहायला शिकवायची. पाण्याला भिऊन काठाला चिकटून बसलेली पोरं तिच्याकडे पाठवत. ती त्यांना आधी तोंड बुडवून बुडबुडे काढायला लावायची, मग तरंगायला, आणि बघता बघता पोरं मासोळीसारखी सुटायची. अर्ध्या गावाला तिनंच पाण्यात उतरवलेलं. तिचा दम असा, की या टोकाला बुडी मारली की त्या टोकालाच डोकं वर. मुलगी लहानपणी काठावर उभी राहून घाबरायची, "आई वर का येत नाही?"

तर असा हा संसार, आणि त्यात गालिचे. आधी मधली खोली भरली. मग पलंगाखाली, कपाटावर, सोफ्याच्या पाठीमागे. कसर लागू नये म्हणून प्रत्येक घडीत डांबराच्या गोळ्या. मुलीच्या शाळेच्या स्वेटरला तो वास यायचा म्हणून ती चिडायची. पुढे ती शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, तेव्हा तिची खोलीही भरली. बायको कुरकुरायची, नाही असं नाही. पण मोठा गालिचा उलगडायचा असला की दुसरं टोक धरायला तीच यायची.

मग एका व्यापाऱ्यानं गोदाम रिकामं करायला काढलं. तळघरात ओल शिरली होती आणि जुन्या मालाचा गठ्ठा बरीच वर्षं तसाच पडून होता. चष्मेवाले तो टेम्पोत घालून घेऊन आले. वर पांढरी-हिरवी बुरशी, पण खाली काय एकेक नग. जाड लोकरीचे, झोपायला अंथरायचे गालिचे, एकावर वेडावाकडा सिंह, लहान मुलानं काढल्यासारखा. उन्हात रंग उडतील म्हणून त्यांनी ते मधल्या खोलीतच दोऱ्यांवर टाकले, खिडक्या लावून घेतल्या आणि रोज दुकानातून आल्यावर ब्रशनं बुरशी झाडायला लागले. बायको चहा घेऊन यायची, शेजारी बसायची, टोक ताणून धरायची. दिव्याच्या उजेडात धूळ तरंगत असायची. तो हिवाळा त्यांना आपल्या आयुष्यातला फार सुखाचा वाटला होता. पुढे याच गोष्टीनं त्यांना जाळलं.

खोकला त्यानंतर लागला. कोरडा, ठसक्यासारखा. मग जिना चढताना ती मध्येच थांबायला लागली, आणि थांबलोय हे कळू नये म्हणून पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखं करायची. चष्मेवाले म्हणायचे, वय झालं आपलं. एक दिवस तलावावर तिला बुडी मारून अर्ध्यातच वर यावं लागलं. घरी येऊन ती पोशाखाची ओली पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मग मात्र ते तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. बायकोला आत यंत्रात फुंकायला बसवलं होतं, तेवढ्यात त्यांनी बाहेर येऊन चष्मेवाल्यांना विचारलं, की घरात कबुतरं, पिंजऱ्यातले पक्षी, ओल, बुरशी, जुन्या गाद्या, जुनी लोकर असलं काही आहे का. काही लोकांच्या फुप्फुसांना ते सोसत नाही. हळूहळू सूज येते, आणि वेळेवर थांबलं नाही तर व्रण राहतात.

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे दोरीवरचा सिंह उभा राहिला. पुढच्या क्षणी ते म्हणाले, "नाही. घर स्वच्छ असतं आमचं." आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाले, "ती दिवसभर तलावावर असते. क्लोरीनचा वास फार असतो तिथं."

डॉक्टर बाईंनी तसं लिहून घेतलं. तलाव सुटला. निरोपाच्या दिवशी पोरांनी तिला उचलून पाण्यात टाकायचा बेत केला होता, पण तिची धाप बघून बेत बदलला आणि नुसत्या टाळ्या वाजवल्या. चष्मेवाले काठावर उभे होते. त्यांनीही वाजवल्या.

ते अगदीच दगड नव्हते. त्या रात्रीपासून त्यांची झोप गेली होती. बुरशीचे गालिचे त्यांनी गुपचूप दुकानाच्या माळ्यावर हलवले, मधली खोली ओल्या फडक्यानं पुसली. बाकीचं स्वच्छच आहे, असं स्वतःला समजावलं. पण बुरशी काही निरोप घेऊन जात नाही. ती बाकीच्या घड्यांतही उतरली होती. बायकोला कधी बरं वाटायचं, कधी एकदम ढासळायचं. बरं वाटलं की त्यांना वाटे, बघा, तलावच होता. ढासळलं की ते दुकानात लवकर जायचे.

वर्ष असंच गेलं. मग डॉक्टर बाईंनी दोघांना बोलावून सांगितलं, की तलाव सोडूनही फरक नाही. कारण सापडत नाही तेव्हा आता बरगड्यांच्या मधून फुप्फुसाचा छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. भूल द्यावी लागेल, थोडा धोका आहे, पण इलाज नाही. बायकोनं मान डोलावली. पोरांना पहिल्यांदा खोल पाण्यात नेताना जसा आवाज काढायची, तशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली, "होईल हो सगळं नीट. घाबरू नका."

आजारी बाई धडधाकट माणसाला धीर देत होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "घरात जुनी लोकर आहे. पुष्कळ आहे. त्यातल्या काहींना बुरशी होती, मी ती घरातच झाडली. ही शेजारी बसायची."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी मागं विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

डॉक्टर बाई पुढं बरंच बोलल्या. तुकडा काढणं तूर्त थांबवू, आधी रक्त तपासू, यांनी आजच्या आज त्या घरातून बाहेर पडायचं. बायको ऐकत होती, विचारायचं ते विचारत होती. परतताना गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता ती एवढंच म्हणाली, "काल बोलावण्याचा नर्सचा फोन आला, तेव्हाच कुठल्या बाजूनं कापणार, ते मी विचारून ठेवलं होतं. त्या कुशीवर झोपता येणार नाही म्हणून."

ती मुलीकडे गेली. मुलीनं स्टेशनावरून फोन केला. आई पोचली, एवढं सांगून म्हणाली, "बाबा, मला तुझ्याशी आत्ता बोलता येणार नाही." आणि ठेवला.

चष्मेवाल्यांनी घर रिकामं केलं. चांगले नग कापडांच्या संग्रहालयानं घेतले. तिथल्या बाईंनी प्रत्येक घडी प्लास्टिकमध्ये बांधून कसर मारायला शीतपेटीत टाकली आणि एवढा संग्रह तुम्हाला सोडवतो कसा, असं नवलानं विचारलं. त्यांनी जागेची अडचण सांगितली. बुरशीचे गालिचे कुणी घेईना, ते कचऱ्याच्या गाडीत गेले, सिंहासकट. गाडीवाल्यानं विचारलं, "एवढा भारी माल टाकताय होय?" ते म्हणाले, "टाका." मग पडदे, सोफा, गाद्या गेल्या, भिंती खरवडून रंगवल्या. रिकाम्या खोल्यांत त्यांच्याच चपलेचा आवाज घुमायला लागला. एका संध्याकाळी हात सवयीनं भिंगाकडे गेला, आणि बघायला घरात काही नाही हे लक्षात आल्यावर त्यांना आधी गालिच्यांचं वाईट वाटलं. आधी गालिच्यांचं, याची त्यांना पुढं कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

पावसाळा सरता सरता ती परत आली. सूज उतरली होती, खोकलाही थांबला होता. व्रण मात्र राहिले, ते तसेच राहणार होते. जिना एकदा थांबून चढता यायचा. पोहायला परवानगी मिळाली, पण बुडी मारायची नाही. घरात ती पूर्वीसारखीच वागायची, भाजीत मीठ जास्त झालं तर ऐकवायची, टीव्हीवर काही गंमत असली तर हाक मारायची. त्या विषयावर एकदाच बोलली.

"त्या दिवशी डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा मनात काय आलं होतं?"

खोटं बोलण्याचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. "वाटलं, दुसरंच काहीतरी कारण निघेल."

"आणि नसतं निघालं तर?"

ती उत्तरासाठी थांबली नाही, उठून गॅलरीतले कपडे काढायला गेली.

शेजारपाजारी, नात्यात तिनं ॲलर्जी म्हणून सांगितलं होतं. कशाची, ते कधी सांगितलं नाही. त्यामुळे झालं काय, की चष्मेवाल्यांचं नाव झालं. बायकोसाठी आयुष्यभराचा छंद सोडला, सामानाची पिशवी तिला उचलू देत नाही, फरशी स्वतः पुसतो. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा काकांना घेऊन घरी आल्या होत्या. आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की नवरा असावा तर असा. चष्मेवाल्यांना ते सोसवेना. हातातला कप ठेवून त्यांनी सगळं सांगून टाकलं, बुरशी, डॉक्टरांना दिलेलं उत्तर, तलाव. काकूंचा चेहरा पडला. त्या काकांना घेऊन निघूनच गेल्या.

दार लागल्यावर बायको त्यांच्याकडे वळली. इतकी चिडलेली त्यांनी तिला दवाखान्यातही पाहिली नव्हती.

"कुणाला विचारून सांगितलंत?"

"मला सहन होत नव्हतं, ती स्तुती."

"तुम्हाला हलकं व्हायचं होतं. आता जिन्यात भेटली की ती माझ्याकडे कीव करून बघणार. धाप माझी आहे. कुणाला काय सांगायचं, ते मी ठरवीन."

धाप लागली म्हणून ती थांबली. ते पाणी आणायला उठले, तर तिनं हातानंच नको म्हटलं.

त्यानंतर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. ती आठवड्यातून दोनदा तलावावर जाते, उथळ बाजूला उभी राहून पोरांना बुडबुडे काढायला शिकवते. ते टॉवेल घेऊन काठावर बसतात. पोरांच्या आया कौतुकानं म्हणतात, "किती जपता हो तुम्ही यांना." पाण्यातून ती त्यांच्याकडे बघत असते. ते मान डोलावतात आणि टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत बसतात.