दसऱ्यानंतरचा इंजिनिअर

हा माणूस मला एकदाच भेटला, पण दर दसऱ्याला आठवतो.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आलो, तर ठाण्यातल्या आमच्या कारखान्याचं युनिक्सचं कॉम्प्युटर मशीन दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडायला लागलेलं. माल भरलेले तीन ट्रक गेटवर उभे आणि त्यांची चलनं छापायची राहिलेली. मशीन माझ्या ताब्यात. सकाळपासून मी कमांड मारत होतो. प्रोसेस पाहिल्या, डिस्क तपासली, एरर लॉग तर पाठच झाला. साहेब सारखे डोकावून जात.

दुपारी आंबिवलीहून सर्व्हिस इंजिनिअर आला. बुटका, खिशाला चार पेनं आणि दाढीचा एक जुना ब्रश. की-बोर्डकडे त्याने बघितलंही नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मशीनवर तळहात ठेवला. मग झाकण उघडून पंख्याच्या जाळीवर ब्रश फिरवला आणि हाताला आलेलं काहीतरी मुठीत घेऊन खिशात टाकलं.

मशीन सुरू झालं आणि तासभर बंद पडलं नाही. प्रिंटर खडखडायला लागला, तसे साहेब धावत आले.

“काय झालेलं हो?”

“कचरा अडकलेला, साहेब. हवाच मिळत नव्हती बिचाऱ्याला.”

साहेब खुशीत ट्रककडे गेले. मग इंजिनिअरने खिशातून मूठ काढून माझ्यापुढे उघडली. आत झेंडूच्या पाकळ्या! सुट्टीआधीच्या पूजेत मशीनला हा भलामोठा हार मीच घातलेला.

“पुढच्या वर्षी हार छोटा आणा,” तो हसत म्हणाला, “आणि पेढे ठेवा माझ्यासाठी.”