सरपंचाच्या ओसरीवरचा फोन

आमच्या नर्सबाई कुठेही गेल्या की आधी तिथला फोन उचलून कानाला लावायच्या. परवानगी वगैरे नाही. मग रोग्याबद्दल बोलावं तसं सांगायच्या, "जित्ता हाये," नाहीतर "मेला." तहसीलदारांच्या टेबलावरचा फोनही त्यांनी असाच तपासला होता. साहेब बघतच राहिले.

बाई मूल गावच्या. मी गावात शाळामास्तर, त्या शेजारच्या आरोग्य उपकेंद्रात. आमच्या जंगलातल्या गावाला पहिला फोन मिळाला तो सौर पाटीवर आणि बॅटरीवर चालणारा. पक्कं घर सरपंचाचंच, म्हणून त्याच्या ओसरीवर बसवला. नारळ फुटला, फोनला हळदकुंकू लागलं आणि आठवड्याभरात त्याच बॅटरीवर सरपंचाचा टीव्ही सुरू झाला. तुम्हीही पाहिलं असेल, सरकारी वस्तू ज्याच्या दारात उतरते त्याचीच होऊन जाते.

बाई येता-जाता भांडायच्या. "भाऊ, हा फोन बाळंतिणीसाठी जीप बोलवाले हाये. तुमच्या टीव्हीसाठी नाई." सरपंच सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत हसायचा आणि चहा घ्या म्हणायचा.

श्रावणात आभाळ उघडेना. टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, एक पोरगी बाळंतपणात अडली. बाई धावत ओसरीवर गेल्या, तर फोन बंद. आदल्या दिवशी तिथे टीव्हीवर मॅच रंगली होती. पोरीला बाजेवर घालून सडकेकडे नेलं. नाल्यापाशी ती गेली, पोटातल्या बाळासकट.

सरपंच म्हणाला, "बॅटरी उतरली तं मी का करू, बाई?"

हे वाक्य आठवलं की आजही माझे हात शिवशिवतात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बैलबंडी जुंपायला लावली. टोल्यावरच्या बायांनी पाटी उतरवली, बॅटरी उचलली. सरपंच आडवा आला, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "पहिले त्या पोरीच्या मायले सांगा. मंग मले." तो बाजूला झाला. फोन उपकेंद्रात आला आणि त्या पावसाळ्यात दोन बाळंतिणी वेळेवर जीप आल्यामुळे वाचल्या.

मग चौकशी लागली. सरकारी मालमत्ता परस्पर हलवली, हा गुन्हा. मेलेल्या पोरीबद्दल कोणी ब्र काढला नाही. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा. फोन परत ओसरीवर गेला आणि बाईंची बदली थेट दूरच्या टोकाला, सिरोंच्याला झाली.

बसमध्ये चढताना त्या म्हणाल्या, "मले हाकललं त्याचं काई नाई, मास्तर. माह्या जागी कोण येते ते पाहजा."

कोणी आलं नाही. आता गावात टॉवर आहे, पोराटोरांच्या खिशात मोबाइल आहेत, भाषणांत प्रगती आहे. उपकेंद्रालाही नवा फोन दिलाय. त्याचा नंबर दारावर मोठ्या अक्षरात रंगवलाय आणि दाराला कुलूप आहे. चीड येते ती याचीच.

परवा टोल्यावरचा एक म्हातारा त्या दारासमोर उभा होता. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. कोणाचा तरी मोबाइल घेऊन तो दारावरचा नंबर लावत होता आणि कुलपाआड फोन खणखणत होता.