सळईवरचा खंड्या

आमच्या फोटो क्लबचा एक कडक नियम होता: निसर्गाच्या विभागात माणसाचा हात दिसता कामा नये. तार नको, कुंपण नको, इमारत तर नकोच. नियमाला माझी हरकत नव्हती, नियम करणाऱ्यांची मात्र गंमत वाटायची. हीच मंडळी रविवारच्या सहलीत फुलांवर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारून दव पाडायची. एकाने तर फुलपाखरू डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं होतं, म्हणजे ते गारठून फोटोपुरतं गप्प बसेल. हात दिसता कामा नये, फिरला तर चालतो, असा एकूण मामला.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. सकाळी सदाशिव पेठेतून निघून कंपनीची बस पकडायची आणि पोचलं की कॅमेरा गेटवर जमा करायचा, कारण तो आत न्यायला बंदी. जेवणाच्या सुट्टीत चार घास घाईघाईने पोटात ढकलून कॅमेरा परत मागायचा आणि बाहेर पडायचं. गेटवरचा गावातला पहारेकरी विचारायचा, "मॅडम, हितं काय हाय फोटो काढन्यासारखं?" प्रश्न रास्त होता. आजूबाजूला उकरलेली माती आणि अर्धवट इमारती, एवढंच होतं. पण रजा टाकून जंगल गाठणं मला जमणारं नव्हतं, आणि जिथे मी राबते तिथे निसर्ग नाही हे मानायला मी तयार नव्हते.

कंपनीच्या भिंतीला लागून नव्या इमारतीच्या पायासाठी मोठा खड्डा खणून ठेवला होता. पावसाळ्यात तो भरला, त्यात बेडूक झाले आणि बेडकांमागे खंड्या आला. निळी पाठ, चॉकलेटी डोकं, लालभडक चोच. पूर्वी तिथे बाभळी होत्या. त्या तोडल्या गेल्यामुळे तो काँक्रीटच्या खांबातून वर आलेल्या लोखंडी सळईवर बसायचा. मी रोज त्याची वाट बघायचे. कधी ढग यायचे, कधी तो पाठमोरा बसायचा, तर कधी सुट्टीच संपायची. एका दुपारी त्याने पाण्यावर झेप घेतली, बेडूक धरून पुन्हा सळईवर आला आणि अंग झटकलं. पाण्याचे थेंब त्याच्याभोवती उडाले. मागे क्रेन, खाली गंजलेली सळई. मी बटण दाबलं आणि तो उडून गेला. रोल धुऊन येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

तो फोटो मी क्लबच्या वार्षिक प्रदर्शनाला दिला. त्याआधी माझे सगळे फोटो 'विषयात दम नाही' म्हणून परत आले होते. या वेळी खुद्द अध्यक्षांचा घरी फोन आला.

"फोटो पहिल्या नंबराचा आहे," ते म्हणाले. "फक्त ती सळई आणि क्रेन पुसून टाका. सळईच्या जागी एखादी फांदी बसवा. तुम्ही तर कॉम्प्युटरवाल्या, दोन मिनिटांचं काम."

"पहिला नंबर?" मी मोठ्यांदा म्हणाले, आणि शेजारी पेपर वाचणाऱ्या बाबांनी तेवढंच ऐकलं.

बाबा निवृत्त होते आणि माझ्या कॅमेऱ्याला 'खर्चाचं भूत' म्हणायचे. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला बातमी सांगितली. तळमजल्यावरच्या काकांना तर उद्घाटनाचं आमंत्रणही गेलं. बाबा चारचौघांत माझं कौतुक करताहेत हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला फार बरं वाटलं आणि तितकीच पंचाईतही झाली.

मग मी स्कॅन केलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. काम खरंच सोपं होतं. क्रेन गेली, सळई गेली, खंड्याच्या पायाखाली बाभळीची फांदी आली. दिसायला सुरेख! बघता बघता मला संताप आला. बाभळी आपणच तोडायच्या, चित्रात पुन्हा आपणच लावायच्या आणि वर त्याला निसर्ग म्हणायचं? ते पाखरू झाड गेलं म्हणून रडत बसलं नव्हतं, लोखंडावर बसून पोट भरत होतं. त्याची तीच हिंमत मी बक्षिसासाठी खोडून काढणार होते. मी फाईल सेव्ह न करता बंद केली आणि अध्यक्षांना कळवलं, फोटो आहे तसा लावा, नाहीतर राहू द्या. त्यांनी राहू दिला.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर उलटला आणि म्हणाले, "आता काकांना काय सांगू?" त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले. त्याचं मला वाईट वाटत होतं, पण सळई काही मी पुसणार नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी मी तोच फोटो मोठा करून घेतला, हॉलबाहेरच्या फुटपाथवर स्कूटरला टेकवून ठेवला आणि शेजारी उभी राहिले. लोक बघायचे आणि पुढे जायचे. थोड्या वेळाने बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, बरोबर तळमजल्यावरचे काका. तेवढ्यात अध्यक्षही बाहेर आले.

"कशाला हा हट्ट?" ते मला म्हणाले. "एवढीशी सळई काढली असतीत, तर आत पहिल्या नंबरावर असता."

मी तोंड उघडणार, तोच बाबा पुढे झाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो अगदी जवळून पाहिला.

"अहो साहेब," ते म्हणाले, "सळई काढली असती तर पक्षी बसला कशावर असता? आपल्या नियमावर?"

अध्यक्ष आत निघून गेले. मला वाटलं, आता बाबाही काकांना घेऊन घरी निघतील. पण ते स्कूटरपाशीच उभे राहिले आणि हॉलकडे वळणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगायला लागले, "आत जायच्या आधी हा बघून जा. आमच्या मुलीने काढलाय. हा खरा आहे."