आठ दिवसांची चावी

मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी देतात म्हणून सगळं शहर त्यांना चावीकाका म्हणायचं. एकतीस वर्षं दर शुक्रवारी दोनशे बारा पायऱ्या चढायच्या, वरच्या खोलीत लोखंडी दांडा गरागरा फिरवून दोन अवजड वजनं छताला भिडवायची आणि खाली उतरायचं. एकदा चावी भरली की आठ दिवस घड्याळाकडे बघायला नको. चावीकाकांचा जगातल्या कुठल्या गोष्टीवर विश्वास असेल तर तो या आठ दिवसांवर. बायकोशी वाजलं तरी ते आठ दिवसांचं एकदाच कडाकडा भांडून घेत आणि मग बिनघोर पेपर वाचत बसत.

अशा माणसाला सोमवारी नगरपालिकेच्या ऑफिसातून पत्र आलं. आपलं वय सत्तावन्न झालं आहे, तरी येत्या शुक्रवारी नव्या साहेबांसमोर मनोरा चढून चावी देऊन दाखवावी. न जमल्यास घड्याळाला मोटर बसवण्यात येईल. चावीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी हे काम त्यांच्या सासऱ्यांचं. सासऱ्यांनी मुलीचा हात आणि तो दांडा, दोन्ही यांच्याच हाती सोपवले होते, आणि आधी काय सोपवलं यावर घरात अजून एकमत नव्हतं. दांडा गेला तर आपल्यात उरलं काय, या विचाराने त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

खरं तर काहीच करायची गरज नव्हती. एकतीस वर्षं चढणारा माणूस शुक्रवारी बत्तिसाव्या वर्षीही चढला असता. पण भीती माणसाला गप्प बसू देते का? मंगळवारी ते कोपऱ्यावरच्या जिममध्ये दाखल झाले. तिथला ट्रेनर भला माणूस. म्हणाला, आज पंधरा मिनिटं पुरे, मग रोज थोडं थोडं वाढवू. चावीकाकांनी विचारलं की आठ दिवसांचं आजच भरून टाकलं तर? ट्रेनरला वाटलं म्हातारा गंमत करतोय. तो हसून फोनवर बोलायला बाहेर गेला, आणि काकांनी हिशोबाने पंधरा गुणिले आठ, म्हणजे पूर्ण दोन तास, दिसेल त्या यंत्राला हात घातला. वर तीनशे उठाबशा काढल्या. घरी आले ते शीळ घालत. बायकोला म्हणाले, चावी फुल भरली.

बुधवारी सकाळी अंगातला एकेक सांधा आपापलं गाऱ्हाणं घेऊन उठला. चावीकाका मात्र उठले नाहीत. हात केसांपर्यंत जाईना, म्हणून कंगवा बायकोला धरायला लावून त्यांनी त्याखालून डोकं फिरवलं. खुर्चीत बसले ते बसलेच. एक शिंक आली आणि ब्रह्मांड आठवलं.

घरात उपचारांना तोटा नव्हता. बायको बेकरीत पीठ मळायला होती. तिने त्यांना टेबलावर पालथं घातलं आणि वीस किलोच्या गोळ्याला देतात तसा हात दिला. मध्येच सवयीने ओला फडका टाकून अर्धा तास झाकूनही ठेवलं. मेव्हणा बर्फाच्या कारखान्यात. तो अख्खी लादी घेऊनच आला, कारण लादी फोडून द्यायची त्यांच्याकडे पद्धत नाही. बायको म्हणे गरम पाण्यानेच शेकायचं, भाऊ म्हणे बर्फच. बहीणभावांची जुंपली. शेवटी तडजोड होऊन चावीकाकांचा डावा पाय गरम पाण्याच्या बादलीत आणि उजवा लादीवर ठेवण्यात आला. संध्याकाळपर्यंत डावा पाय भाजून निघाला होता आणि उजवा आपला आहे की नाही हेच कळत नव्हतं. दुखत मात्र दोन्ही होते.

गुरुवारी तर हद्द झाली. घराच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या चढता येत होत्या, पण उतरायला पाय टाकला की मांड्या सरळ राजीनामा देत. चावीकाका वरच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. उद्या दांडा जाणार, वर गेल्यावर सासऱ्यांना काय तोंड दाखवू, असं काहीबाही बोलत राहिले.

तोवर सासूबाई कोपऱ्यात वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"जावईबापू, घड्याळ अडकून थांबलं तर तुम्ही काय करता? दांडा पिळता?"

"छे हो आई. चाकं तुटतील. लंबक हलकेच ढकलायचा. थोडा थोडा. मग तो आपला आपण लागतो चालायला."

"मग उठा."

एवढंच बोलून त्यांनी जावयाला अंगणात हळूहळू फिरवलं. दहा पावलं, बसणं, पाणी, पुन्हा दहा पावलं. मळणं बंद, बर्फ बंद, बादली बंद. दुपारी पोटभर जेवायला घातलं, संध्याकाळी पुन्हा फिरवलं आणि अंधार पडायच्या आत झोपायला पिटाळलं. सासरेही दरवर्षी घड्याळ धुवून काढलं की असेच आखडायचे, त्यामुळे बाईंना चाळीस वर्षांचा अनुभव होता.

शुक्रवारी दुखणं गेलं नव्हतं, पण हातपाय चालू होते. साहेब तिशीतले, चकचकीत बुटांचे. ते दोन दोन पायऱ्या उड्या मारत वर गेले. चावीकाका एकेक पायरी मोजत पोचले आणि संथपणे दांडा फिरवू लागले. साहेबांना राहवेना. एक वजन भरून झाल्यावर त्यांनी दांडा हिसकावूनच घेतला आणि दुसरं वजन एका दमात, दातओठ खाऊन वर नेलं. घड्याळ भरलं. अजून एक परीक्षा बाकी होती, तिचा उल्लेख पत्रात नव्हता. खाली उतरायचं कसं? चावीकाका भिंतीचा दोर धरून, पायऱ्यांकडे तोंड करून, उलटे उतरले. साहेब खाली वाट बघत उभे होते. हे काय म्हणून त्यांनी विचारलं.

"घड्याळाला पाठ दाखवायची नसते, साहेब," काका म्हणाले. साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

सोमवारी शिपाई बोलवायला आला. ऑफिसच्या जिन्यात चावीकाकांनी पाहिलं, तर साहेब कठडा धरून उलटे उतरत होते. त्यांच्यामागून हेडक्लार्क उलटे, त्यांच्यामागून टायपिस्टबाई उलट्या. साहेब करतात म्हणजे तसा नियम आला असणार. काकांना बघताच साहेबांचे डोळे भरून आले.

ते म्हणाले, अहवाल लिहून तयार आहे, फक्त सही व्हायची आहे, कारण हात वर जात नाही. कुठल्याही माणसाचा असा छळ होता कामा नये. मोटर उद्याच बसवतो.

चावीकाकांच्या लक्षात आलं, आपण पास होऊनही नापास होत होतो, तेही दुसऱ्याच्या मांड्यांमुळे. त्यांनी साहेबांना काखेत हात घालून आवारात आणलं आणि दहा पावलं चालवलं. मग बसवलं, पाणी दिलं, पुन्हा चालवलं. तिसऱ्या फेरीत साहेबांनी विचारलं.

"एकतीस वर्षं दर आठवड्याला तुम्ही हे सोसलंत, काका?"

हो म्हटलं तर मोटर. नाही म्हटलं तर शुक्रवारची थाप उघडी पडणार. काकांना आयुष्यात थाप पचलेली नव्हती.

"नाही साहेब. सवयीच्या अंगाला नाही दुखत. मी भीतीपोटी मंगळवारी आठ दिवसांचा व्यायाम एकदम केला, म्हणून उलटा उतरलो. ते पाठ दाखवायचं वगैरे खोटं. पण दांडा नका काढून घेऊ. माझ्यापाशी दुसरं काही नाही."

साहेब आधी हसले, मग पोट धरून कळवळले, कारण पोटही दुखत होतं. मग कागद मागवून मोटरची ओळ त्यांनी डाव्या हाताने खोडली. खाली 'घड्याळाला पाठ दाखवू नये' असंही लिहिलं होतं, त्या ओळीवर पेन थांबलं. ही मात्र राहू द्या, म्हणाले, तेवढी शिक्षा हवी.

तेव्हापासून तो लेखी नियम आहे, आणि चावीकाका दर शुक्रवारी दोनशे बारा पायऱ्या उलटे उतरतात. पहिले काही आठवडे त्यांनी शिव्या घातल्या. मग एकदा सासूबाईंना सांगितलं, आई, एकतीस वर्षं चावी भरली की मी पाठ फिरवून निघून यायचो. आता जिन्याचं पहिलं वळण येईपर्यंत लंबक हलताना दिसत राहतो. सासूबाई म्हणाल्या, आमच्या यांना हे कधी सुचलं नाही, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा वाटाणे सोलायला लागल्या.